पोपटरावांनी तपासलेली गोळी

सारिका आणि तिचा नवरा दत्ता यांच्यातलं बोलणं बंद होऊन अडीच महिने झाले होते. घर दोन खोल्यांचं, त्यामुळं अबोला पाळायला जागा कमी पडायची. पण सारिका जिद्दीची. भाकरी ताटात आदळली की जेवण तयार आहे असं दत्तानं समजायचं, आणि मोटरसायकलची किल्ली खिळ्यावर वाजली की तो घरी आला असं तिनं. यापलीकडं दोघांत एकच देवाणघेवाण उरली होती. रोज सकाळी आठ वाजता दोघांच्या मोबाईलमध्ये घंटा वाजायची, दोघं आपापल्या खोलीत आपापली गोळी गिळायचे आणि एकमेकांना हिरवी खूण जायची. बऱ्याच सुखी संसारांत एवढासुद्धा संवाद नसतो.

दत्ता रांजणगावच्या एमआयडीसीतला माल घेऊन लांबवर ट्रक न्यायचा. उन्हाळ्यात त्याचा ताप हटेना म्हणून रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कुठून आला, हे सारिकानं एकदाच विचारलं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्या उत्तरावर तिचं भागलं. तिचंही रक्त तपासलं. ते स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, याला आता जन्मभर गोळी. ती नेमानं घेतली की रोग इतका दबतो की बायकोला लागत नाही. पण दबल्याचा रिपोर्ट यायला सहा-एक महिने लागतील. तोवर तुम्हीही रोज एक गोळी घ्या. ही लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची.

"आमचं बोलणंसुदीक न्हाई," सारिका म्हणाली. "मग मला गोळी कशाला?"

"राग किती दिवस टिकेल याची गॅरंटी दवाखाना देत नाही, ताई," असं उत्तर आलं. देणारी होती कृपा. ही केडगावची, मिशनच्या आवारात लहानाची मोठी झालेली, पुण्याच्या एका संस्थेकडून शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एका स्कूटरवर सांभाळायची. तिनंच दोघांच्या फोनमध्ये 'नेम' नावाचं ॲप घालून दिलं. वर चित्र झेंडूच्या फुलाचं, म्हणजे कुणी पाहिलं तरी रोजच्या आरतीचं काहीतरी वाटावं. या ॲपला एक साथीदार द्यावा लागायचा. गोळी घेतली की साथीदाराला हिरवी खूण, चुकली की लाल, आणि लाल खूण कृपालाही दिसायची. साथीदार असा हवा की त्याला सगळं ठाऊक आहे. सगळं ठाऊक असलेला माणूस सारिकाला अख्ख्या जगात एकच होता, आणि नेमकं त्याच्याशीच तिचं बोलणं नव्हतं. तिनं दातओठ खात त्याचं नाव घातलं.

गोळी ती औषध म्हणून घेतच नव्हती. रागानं घेत होती. या माणसानं आजवर जे दिलं ते घेतलं, आता हे एक घ्यायचं नाही, असा तो हिशेब. एकाहत्तर दिवसांत एकही चुकली नव्हती. गावात कुणाला याचा पत्ता नव्हता आणि लागू द्यायचा नव्हता. लागला असता तर उद्यापासून नळावर तिचा हंडा एकटा उभा राहिला असता, आणि तळेगाव ढमढेऱ्याला आजीकडं शिकणाऱ्या तिच्या मुलीच्या शेजारचं बाक रिकामं झालं असतं.

अशात उपसरपंचाची निवडणूक लागली.

सारिका वॉर्ड क्रमांक तीनमधून ग्रामपंचायतीवर निवडून आलेली. गाव भीमेच्या काठचं. अलीकडं शिरूर तालुका, पाण्यापलीकडं दौंड. सरपंचाला खुर्ची असते, सही असते, शिक्का असतो. उपसरपंचाला त्या खुर्चीशेजारची खुर्ची असते. एवढ्यावरून गावात दोनदा डोकी फुटली होती. एकूण मतं नऊ. खुर्ची मागणारे दोघं. पाच मतं पोपटरावांकडं, चार बापूसाहेबांकडं. पाचातलं एक जरी फुटलं तरी शेजारची खुर्ची गेली. म्हणून रिवाजाप्रमाणं पोपटरावांनी आपली पाचही मतं सहलीला काढली. मतदान सोमवारी, गुरुवारीच नऊ वाजता गाडी दारात आली.

"कोकणात चाललोय, सारिकाताई," पोपटराव म्हणाले. "गणपतीपुळे. समुद्र. मतदानादिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरायचं."

गाडीत पोपटरावांच्या आत्या साळूबाई आधीच पुढची सीट धरून बसल्या होत्या; त्याही सदस्य. समुद्रात पाय बुडवायला म्हणून त्यांनी एक जुनं लुगडं वेगळं आणलं होतं. मागं म्हाळू होता आणि त्याच्या मागं साहेबराव. साहेबराव गाडीत बसले तेव्हाच झोपले होते.

गाडी सुटली, भीमेचा पूल ओलांडला, तासाभरानं उसाच्या फडांतून वळत वळत एका बंगल्यापाशी थांबली. हा पोपटरावांच्या साडूचा बंगला, पाटसच्या अलीकडं. भोवती उंच कंपाउंड, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप.

"हितं दोन दिवस मुक्काम," पोपटराव म्हणाले. "मग पुढं समुद्र."

साळूबाई गच्चीवर जाऊन आल्या. "पोपट, वरनं आपल्या गावची पाण्याची टाकी दिसतीय रं."

"दिसंल की. हवा स्वच्छ हाय."

मग पोपटरावांनी पत्र्याचा एक फरसाणाचा डबा आणला आणि सगळ्यांचे फोन त्यात घालून घेतले. फोन बंद मात्र केले नाहीत. बंद केले तर कुणाला कुणाचा फोन येतोय हे कळणार कसं? या बाबतीत त्यांचं डोकं फार पुढं चालायचं. त्यानंतर पिशव्या तपासायचं काम आत्यांनी हाती घेतलं. सारिकाच्या पिशवीतून त्यांनी कॅल्शियमची बाटली वर काढली. कुणाला कळू नये म्हणून सारिका आपल्या गोळ्या तिच्यातच भरून ठेवायची.

"ह्ये काय गं?"

"गोळ्या हायत्या, आत्या. कॅल्शियमच्या."

"औषधं माझ्याकडं," पोपटराव म्हणाले आणि बाटली खिशात टाकली.

याला कारण म्हाळू. मागच्या खेपेला मतदानाच्या सकाळी म्हाळूनं कसलीशी गोळी खाल्ली, अकरा उलट्या केल्या आणि शिरूरच्या एका दवाखान्यात सलाईन लावून पडून राहिला. मतं पडली चार-चार, चिठ्ठी टाकली, चिठ्ठी बापूसाहेबांची निघाली. दुसऱ्याच आठवड्यात म्हाळूच्या दारात नवीन मोटर उभी होती. तरी यंदा म्हाळू परत पोपटरावांकडंच होता. एकदा फुटलेला माणूस निदान ओळखीचा तरी असतो, असं पोपटरावांचं म्हणणं. पण तेव्हापासून सहलीत औषधाला बंदी.

सारिकाची गुरुवारची गोळी पोटात गेलेली होती. उद्या सकाळी आठच्या आत बाटली काढून घ्यायची, एवढंच तिनं मनाशी धरलं.

शुक्रवारी आठ वाजता फरसाणाच्या डब्यात घंटा वाजली. पत्र्यामुळं तिचा आवाज देवळातल्यासारखा घुमला. साळूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. "कुठल्या देवाचं हाय गं?"

"माझा नेम हाय आत्या रोजचा." सारिका पोपटरावांकडं वळली. "आबा, माझी एक गोळी द्या. चहाबरोबर घ्यायची असती."

पोपटरावांनी बाटली काढली, हातावर एक गोळी घेतली आणि उजेडात धरली. लांबोडकी, निळसर, चांगली बोटाच्या पेराएवढी.

"ही कॅल्शियमची?"

"थायरॉईडची," सारिका म्हणाली. म्हणताक्षणीच आपण चुकलो हे तिला कळलं.

"काल कॅल्शियमची व्हती."

"दोन्हीला चालती."

"आमच्या मंडळींना थायरॉईड हाय," पोपटराव थंडपणे म्हणाले. "त्यांची गोळी मोहरीच्या दाण्याएवढी असती. ही तर बैलाची हाय. बापूसाहेबांनी दिली का?"

"आबा, तोंड सांभाळून बोला."

"मी तोंडच सांभाळतोय. तुमचं. म्हाळू, हिकडं ये."

म्हाळू आला.

"ही खा."

"आबा, मी कशापायी?"

"तुला उलटीच्या गोळ्यांचा अनुभव हाय म्हणून. खा."

म्हाळूनं सारिकाकडं पाहिलं, फाटकाच्या कुलपाकडं पाहिलं, आणि पाण्याच्या घोटाबरोबर बहात्तराव्या दिवसाची गोळी गिळली. सारिकाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? "उद्या ह्या येळेपर्यंत ह्याला काय झालं न्हाई, तर तुम्हाला देऊ," पोपटराव म्हणाले आणि दाढी करायला गेले.

दुपारी डब्यातला फोन वाजला. पडद्यावर 'कृपा मॅडम'. पोपटरावांनी उचलून कानाला लावला आणि श्वास रोखून नुसतं ऐकलं. समोरून बाई म्हणाली, "सारिकाताई?" पोपटराव म्हणाले, "कोण बोलतंय?" बाई म्हणाली, "राँग नंबर." तिला शिकवणच तशी होती, पेशंटचा फोन दुसऱ्यानं उचलला तर आपण कोण ते सांगायचं नाही. पण हा राँग नंबर पाच वाजता पुन्हा लागला आणि सहा वाजता पुन्हा.

"नाव सेव्ह केल्याला राँग नंबर मी आयुष्यात पयल्यांदा बघतोय," पोपटराव म्हणाले. "कोण ही कृपा?"

"वळखीची हाय."

"बापूसाहेबांच्या सुनंच्या माहेरची हाय का?"

"न्हाई."

"मग घाबरली का?"

"तुमचा आवाज ऐकून कुणीबी घाबरतं, आबा."

म्हाळू खुदकन हसला. पोपटरावांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "तुला मळमळतंय का?" म्हाळू म्हणाला, थोडं थोडं. सकाळपासून तो अकरा केळी खाऊन बसला होता, हे त्यानं सांगितलं नाही.

शनिवारी आठ वाजता डब्यात पुन्हा घंटा झाली. म्हाळू जिवंत होता. पण दहा वाजले तरी पोपटरावांना पटेना. म्हाळूचं पोट त्याच्या मतासारखंच, कशालाही कसंही वळणारं, त्याच्यावर निकाल कसा लावायचा? भरवशाचं पोट बंगल्यात एकच होतं. पोपटरावांनी बाटली काढली, दुसरी गोळी घेतली आणि सगळ्यांच्या देखत स्वतः गिळली.

"आबा!" सारिका किंचाळली.

"का? काय व्हईल मला?"

ती गप्प बसली.

"बघा आत्या, कशी गप झाली. काहीतरी हाय. हा फोन उघडा, सारिकाताई. लॉक काढा. कोण कृपा, कसला नेम, सगळं बघू द्या आमाला."

"न्हाई उघडणार."

"उघड की गं," साळूबाई म्हणाल्या. "लपवायसारखं असतंय का बाईमाणसाच्या फोनात? माझ्यात बघ, नुसती भजनं हायती."

"तुमच्यात भजनं हायती म्हणून तुम्ही दाखवा, आत्या."

"आगं, नवरा दोन-दोन आठवडं ट्रकवर. घरात एकटी. लोक काय बोलतात ते ऐकलंय मी."

"लोक म्हंजी तुम्हीच ना?"

साळूबाईंनी पदर खोचला. पोपटरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली गेला की गावात लोक दारं लावून घ्यायचे. "सारिकाताई. ह्या फोनात बापूसाहेब निघाला, तर गावात ऱ्हाणं मुश्कील करीन. तुमचंबी आन् त्या दत्ताचंबी."

सारिकानं हिशेब केला. फोन उघडला की गावात राहणं मुश्कील, नाही उघडला तरी तेच. मग ती म्हणाली, "आबा, मतं किती?"

"काय?"

"आपली मतं किती? पाच. त्यातलं एक माझं. माझ्या फोनला कुणी हात लावला, तर सोमवारी मी बापूसाहेबांच्या नावावर हात वर करीन. आजपतूर त्यांनी मला चहासुदीक पाजला न्हाई. फुकट करीन."

सहलीच्या नियमांत ही गोष्ट कुणी उघडपणे बोलत नसे. साहेबराव झोपेत कुशीवर वळले.

पोपटराव काही बोलणार इतक्यात फाटकावर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. सारिकानं तो आवाज ओळखला. त्या हॉर्नला दोन वर्षांपासून घसा बसल्याचा रोग होता. दत्ता फाटकाबाहेर उभा होता. त्याला पत्ता कुणी दिला नव्हता. पोपटराव सहलीला नेतात ते कुठं नेतात, हे गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. पण सारिकाची नजर त्याच्या हाताकडं गेली. हातात पुढच्या महिन्याची बाटली होती. ती तिनं ज्वारीच्या पोत्यात तळाला लपवली होती, हातभर खोल. ती कुठं आहे हे याला माहीत होतं, आणि याला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

"कशाला आलास?" पोपटराव गजांतून म्हणाले.

"एवढी बाटली तिला द्यायची हाय. दुसरं काय न्हाई."

"अजून एक बाटली!" पोपटराव मागं वळून सगळ्यांना म्हणाले. "बघा! घरपोच! कुणी दिली? बापूनं?"

"आबा, दोन दिवस तिला गोळी मिळाली न्हाई. द्या एवढी."

"तुला कसं कळलं मिळाली न्हाई? ह्या बंगल्यातली गोष्ट बाहेर गेली कशी? कोण फुटलंय?" पोपटराव म्हाळूकडं पाहू लागले. म्हाळूनं सवयीनं हात वर केले.

"माझ्या फोनात लाल आलं."

"लाल म्हंजी? कुणाच्या पॅनेलचा रंग?"

दत्ता दमलेला होता. लांबवर माल उतरवून, रात्रभर ट्रक चालवून सकाळी घरी आला, दुसऱ्यांदा लाल खूण पाहिली आणि तसाच निघाला होता. तो फाटकाच्या गजाला धरून म्हणाला, "आबा, मला एचआयव्ही हाय."

म्हाळूनं वर केलेले हात खाली घेतले.

"मला. तिला न्हाई. ती गोळी तिला व्हऊ नये म्हणून हाय. रोज घ्यावी लागती. चुकली की मला कळतं. ह्यात बापूसाहेब न्हाई, कोण न्हाई. केलंय ते मी केलंय. आता तरी तिची गोळी द्या."

सारिकाला आधी राग आला. अडीच महिने छातीशी धरून ठेवलेली गोष्ट या माणसानं फाटकावर टांगली. मग तिच्या ध्यानात आलं की टांगताना त्यानं वर नाव स्वतःचं लिहिलं होतं.

तेवढ्यात साहेबराव उठून बसले. "आलं का कोकण?" त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून ते परत आडवे झाले.

पहिल्या साळूबाई हलल्या. त्यांनी सारिकाच्या शेजारची आपली सतरंजी ओढून घेतली, मग तांब्या, मग समुद्रासाठी आणलेलं लुगडं. "हिच्या ताटातला पापड खाल्ला की गं माझ्या बाई मी!"

"जेवून व्हत न्हाई, आत्या. आन् मला झालेलंच न्हाई."

"तू बोलू नको माझ्याशी. तिकडं सर."

पोपटरावांचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणानं उतरत चालला होता. एक हात पोटावर गेला. "म्हंजी मी सकाळी... मी एड्सची गोळी खाल्ली?"

"म्या बी खाल्ली," म्हाळू खाली बसत म्हणाला. "काल. तरी म्हटलं मळमळतंय का!"

"घेऊन जा हिला," पोपटराव फाटकाकडं ओरडले. "उघडा ते कुलूप. न्या. माझ्या साडूच्या बंगल्यात नको."

"बरं," दत्ता म्हणाला. "चल."

सारिकानं पिशवी उचलली. चार पावलं गेली. पाचव्या पावलाला पोपटरावांच्या डोक्यात बेरीज झाली. "थांबा!" ते म्हणाले. पाचातून एक गेला की चार. चार आणि चार. आणि चिठ्ठ्यांनी पोपटरावांचं कधीच भलं केलं नव्हतं. ते कुलपाजवळ किल्ली धरून उभे राहिले. आत ठेवावी तर किळस, बाहेर सोडावी तर खुर्ची.

सारिका वळली. इतके दिवस तिला ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि आता भीती कुणाच्या चेहऱ्यावर आहे ते तिला स्वच्छ दिसत होतं.

"आबा, एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. त्या बाटलीतल्या गोळ्या मोजून मिळतात. महिन्याच्या महिन्याला कृपा मॅडम बाटली तपासतात. कमी पडल्या तर कुणी खाल्ल्या त्येचं नाव, गाव, वय लिवावं लागतं. मी तर लपवणार न्हाई. म्हाळू एक, पोपटराव एक."

असा कुठलाही नियम नव्हता.

"कुठं लिवतात?" पोपटरावांनी विचारलं.

"वर जातं. पुण्याला."

"आन् तिथनं?"

"ते काय मला माहीत न्हाई. कागुद गावात आला तर लोक इचारणारच, पोपटराव ही गोळी कशापायी खात व्हते?"

पोपटरावांनी सगळ्यांना ओसरीवर उभं केलं. इथं काही झालेलं नाही. दत्ता आलेला नाही. गोळी नाही, फोन नाही, कुणी काही ऐकलं नाही. प्रत्येकानं भीमेकडं तोंड करून शपथ घ्यायची. म्हाळूनं घेतली. साहेबरावांना झोपेतून उठवून घ्यायला लावली. त्यांनी कशाबद्दल हे न विचारता घेतली, आणि पाचांत तेवढीच एक शपथ खात्रीची होती. साळूबाईंचं तोंड गावच्या भोंग्यापेक्षा लांब ऐकू जायचं, पण गोष्टीत आता भाच्याचं नाव अडकलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पुढचे दोन दिवस त्यांना दम लागल्यासारखा झाला.

सारिका फाटकाशी गेली. गजांमधून हात घालून बाटली घेतली.

"तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं?" अडीच महिन्यांतलं हे तिचं पहिलं वाक्य.

"लाल आलं. दोन दिवस."

"आलं म्हणून काय झालं? गावभर सांगायचं?"

"गाव न्हाई, चार जण हायती."

"अकलेचा कांदा."

दत्तानं मान डोलावली, गाडीला किक मारली आणि गेला. तिला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. पण त्याचंही बरोबर होतं. एका दिवसासाठी तो पुरेसं बोलला होता.

फोन हातात आल्यावर तिनं कृपाला लावला. दोन एकदम घेऊ नका, कृपा म्हणाली. आजची आत्ता घ्या, उद्यापासून रोज वेळेवर, आणि तीन आठवडे जास्त सांभाळा. मग सारिकानं फोनवर हात ठेवून मागं पाहिलं. पोपटराव खांबाआड उभे होते. "इचारा," ते कुजबुजले, "एकदा खाल्ल्यानं काय व्हतं का?"

"काय व्हत न्हाई म्हणत्यात, आबा. गोळीनं रोग लागत न्हाई."

"हां."

"पण कुणाला मनात शंका असंल तर येऊन रक्त तपासून घ्या म्हणत्यात. नाव गुप्त ऱ्हातं."

"मला कशाची शंका?" पोपटराव म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गुप्त म्हंजी किती गुप्त?" आणि मग, सारिका पाहत नाही असं समजून, तिच्या फोनवरचा कृपाचा नंबर बॉलपेननं तळहातावर लिहून घेतला.

शनिवारी जेवताना साळूबाईंनी सारिकाचं ताट वेगळं, दाराबाहेर मांडलं. सारिका म्हणाली, "चालंल, आत्या. ताट येगळं तर मतबी येगळं." पोपटरावांनी स्वतः उठून ताट आत आणलं आणि आत्याच्या शेजारी ठेवलं. साळूबाईंनी तो घास असा गिळला की म्हाळूची गोळीसुद्धा त्याहून सुखानं गेली असेल.

रविवारी आठ वाजता घंटा झाली. सोमवारी झाली. दोन्ही दिवशी पोपटराव पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

अकरा वाजता पंचायतीत हात वर झाले. समुद्र काही लागला नाही. लुगडं कोरडंच परत आलं होतं. बापूसाहेबांच्या बाजूनं चार हात. पोपटरावांच्या नावावर पोपटराव, साळूबाई, म्हाळू आणि साहेबराव. सारिकानं आपला हात गुडघ्यावरून उचलला, बांगडी मागं सारली, कपाळावरची बट सावरली, पदर नीट केला. ग्रामसेवकांनी चष्मा काढून पुसला. पोपटरावांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला. मग हात वर गेला. पोपटराव शेजारच्या खुर्चीत बसले, हार पडला, बाहेर फटाके लागले. अजूनही सकाळी आठला कुणाच्याही फोनची घंटा वाजली की उपसरपंचांचा हात आपोआप पोटावर जातो, आणि पाहणाऱ्यांना वाटतं साहेबांना पित्ताचा त्रास आहे.

पंचायतीबाहेर दत्ता मोटरसायकल घेऊन थांबला होता. सारिका चालत गेली असती. अंतर तेवढंच होतं. पण मागून साळूबाई येत होत्या आणि त्यांच्यासोबत चालायचं नव्हतं. ती मागं बसली. मधे पिशवी ठेवली.

घरी आल्यावर तिनं फोन पाहिला. दत्ताच्या नावापुढं पंचाहत्तर दिवस. तिच्या नावापुढं तीन. एकाहत्तर दिवसांचा राग पुसून ॲपनं तिला परत पहिल्यापासून मोजायला घेतलं होतं, आणि वर एक प्रश्न आला होता: तुमचा नेम चुकला होता. साथीदार बदलायचा आहे का?

आतल्या खोलीत खिळ्यावर किल्ली वाजली. तिनं 'नाही' दाबलं, फोन पालथा ठेवला आणि भाकरी ताटात आदळली.